एका रुपयाचा अडकित्ता

१

सोमवारी सकाळी मी पोह्यांवर शेव पसरत होतो, तेवढ्यात बेबी आत्याचा फोन वाजला आणि भानुमतीबाई जगदाळ्यांचा घोडा एका रुपयाला विकला गेल्याचं कळलं.

इंदुरात पोह्यांच्या वेळी कुणी कुणाला फोन करत नाही. म्हणून मी घाबरून चमचा खाली ठेवला. आत्याने ठेवला नाही. ती खातखात ऐकत होती आणि मधूनमधून माझ्या वाटीतली शेव उचलत होती.

घोडा म्हणजे खरं तर अडकित्ता. पितळेचा, वीतभर लांब. वरचं पातं घोड्याच्या मानेतून निघालेलं, खालचा दांडा म्हणजे त्याचं पोट आणि पाय, पाठीवर चांदीच्या तारेचं खोगीर. जगदाळ्यांचे पूर्वज संस्थानच्या पागेत शिलेदार होते. पागा गेली, घोडे गेले, हा एकटा घरात राहिला. दुपारचं जेवण झालं की दौलतराव जगदाळे त्याच्या तोंडात सुपारी द्यायचे आणि कडकन कातरायचे. तो आवाज मी स्वतः ऐकलेला आहे आणि ती सुपारी खाल्लेलीही आहे.

आता आत्याबद्दल. लग्न होऊन ती इंदूरला आली आणि पुढे निवृत्त होईपर्यंत रेडिओवर बोलत राहिली, मराठीत आणि हिंदीत. हल्ली मोतीबिंदूमुळे तिला फोनवरची अक्षरं दिसत नाहीत, पण शिट्टी ऐकून कुकर कुणाच्या घरचा ते सांगते. त्यामुळे कॉलनीत काही हरवलं, कुणी रुसलं, कुणाचं लग्न जमत आलं आणि लपवलं जातंय असं वाटलं, की लोक तिच्याकडे येतात. मी तिचा भाचा अभिराम. साताऱ्याहून बँकेत बदली होऊन आलोय, इंदूरजवळ राऊला राहतो आणि सुट्टी मिळाली की, त्या सोमवारी मिळाली तशी, आत्याकडे जेवायला येतो. तपासात माझं काम मोटार चालवणं आणि चुकीचे तर्क करणं, असं आत्या म्हणते.

तिने फोनचा स्पीकर लावला.

"बेबी, माझी राखीव किंमत कुणीतरी पुसून टाकली," भानुमतीबाई सांगत होत्या. "म्हणून घोडा एक रुपयात गेला. आज शाम को कुरियरवाला येणार. दिला तर घोडा गेला. नाही दिला तर साइटवाले माझं दुकान बंद करणार. तू ये जरा."

"संशय कुणावर आहे, भानू?"

पलीकडचा आवाज एकदम बारीक झाला.

"घरातलंच कोणीतरी आहे गं."

२

जगदाळ्यांचं घर लालबागेच्या मागच्या गल्लीत आहे. त्यांच्या जेवणाच्या टेबलावर जेवण सोडून सगळं असतं. खोकी, चिकटपट्ट्या, चिंचेच्या पाण्यात उजळलेली पितळी झाकणं. भानुमतीबाई झाकणं विकतात. लोकांकडे आजीचे डबे राहतात आणि झाकणं हरवतात. मग ते डब्याचा फोटो पाठवतात आणि बाई आपल्या ढिगातून बरोबर बसणारं झाकण काढून देतात. 'बोलीबाजार' नावाच्या लिलावाच्या साइटवर त्यांचं 'शिलेदारीण' नावाचं छोटं दुकान आहे. नवऱ्याच्या आडनावापलीकडे आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी स्वतःचं केलं, म्हणून त्यांचा त्या दुकानावर फार जीव आहे. ते त्या लपवतही नाहीत.

"आधी माल मांडायला काही लागत नव्हतं," त्यांनी सांगितलं. "विकलं की आपला वाटा कापून घ्यायचे. दिवाळीनंतर मांडणी-फी आली. विको न विको, मांडलं की फी. आता एक झाकण विकायला मला तीन-तीन वेळा मांडावं लागतं. फी देऊन हातात काय राहणार? म्हणून म्हटलं, एक मोठी चीज विकू, तर दुकान चालू राहील. यांना विचारलं. हे म्हणाले, वीक की, पडून तर आहे."

"आणि काल काय होतं?"

"शून्य-शुल्क रविवार. बोली एक रुपयापासून सुरू केली तर त्या दिवशी मांडणी-फी माफ."

"एक रुपयापासून?" मी विचारलं. "मग धोका नाही का?"

"त्यासाठीच तर राखीव किंमत असते, भिया. ती फक्त आपल्याला दिसते. बोली तिथपर्यंत पोहोचली नाही तर सौदा होत नाही. पण तिची फी वेगळी. जितकी किंमत राखाल तितकी जास्त, आणि ती रविवारीसुद्धा माफ नाही."

मी बँकेत असल्यामुळे मला असल्या योजना लगेच कळतात. एका हाताने फुकट द्यायचं आणि दुसऱ्याने काढून घ्यायचं. आम्हीही तेच करतो, पण छापील कागदावर.

"काल एकूण फी किती कापली?" आत्याने विचारलं.

"शून्य. तसा मेसेजच आला. मी देवापुढे साखर ठेवली."

आत्याने मान हलवली आणि समोरचं एक झाकण उचलून बोटाने वाजवून बघितलं. दुकानात कोण कोण शिरू शकतं, असं तिने विचारलं. पासवर्ड दोघांना माहीत होता. एक सून रुची, जी माल मांडायचं काम करते. दुसरा गल्लीतला अंकुर, ज्याने दुकान उघडून दिलं. दौलतरावांना फोनवर भजनं लावण्यापलीकडे काही येत नाही, असं बाई म्हणाल्या. काल संध्याकाळी लिलाव संपला तेव्हा दौलतराव गुडघा धरून घरीच बसले होते आणि बाकीचे लालबागेच्या मेळ्यात गेले होते.

रुचीला बोलावलं. ती एका कंपनीत नोकरी करते आणि सोमवारी घरूनच काम करते. मूळची इंदूरचीच मराठी, म्हणजे घरात मराठी आणि दाराबाहेर हिंदी. दोन्ही एकाच वाक्यात आली तरी तिला काही वाटत नाही.

"मम्मीजी बोलल्या तसंच केलं मी," ती म्हणाली. "वर्ड टू वर्ड. त्या मंदिरात होत्या, त्यांनी व्हॉइस मेसेज टाकला होता."

"मला दिसत नाही. ऐकव," आत्या म्हणाली आणि तिने डोळे मिटले.

भानुमतीबाईंचा आवाज घंटेच्या गजरातून आला. "रुची बेटा, अडकित्ता मांडून टाक. बोली एक रुपयापासून. और रिझर्व्ह खाली ठेव, नहीं तो फी बहुत लगेगी. मी येतेच."

"ऐकलंस?" बाई म्हणाल्या. "किती स्पष्ट सांगितलं होतं मी."

रुचीने सासूकडे बघितलं, मग जमिनीकडे. "हो. स्पष्टच होतं," एवढंच बोलून ती चहा आणायला उठली. जाताना तिने टेबलाकडे नजर टाकली. "अरे, बिस्किटांचा डबा खाली आहे. दोन मिनिट, दादा."

मी मदतीला तत्पर माणूस आहे. लगेच टेबलाखाली वाकलो. तिथे खोकी होती, सुतळी होती, मांजर होतं, पण डबा नव्हता. वर येताना डोकं आपटलं.

"तिथे काय शोधताय?" रुचीने विचारलं. डबा तिच्या हातात होता. तो टेबलावरच होता म्हणे. ती तो भरून घेऊन आली.

यात हसण्यासारखं काय होतं कोण जाणे, पण आत्या हसत सुटली ती थांबेचना. तिचा चहा गार झाला तरी ती हसत होती.

तेवढ्यात आतून गुणगुणत दौलतराव आले. उंच, ताठ, तोंडात नवी कवळी. डॉक्टरांनी त्यांची सुपारी कधीच बंद केली आहे. तरीही ते रोज कातरतात आणि बायकोला देतात.

"पाहुणे, आज खांड मिळणार नाही हं," ते मला म्हणाले. "घोडा खोक्यात बसलाय. उद्यापासून बघू."

आणि भजन पुढे सुरू झालं.

"यांना काही वाटतं का बघ," भानुमतीबाई चिडून म्हणाल्या. "यांच्या पणजोबांची चीज आहे, आणि रडतेय मी."

मग त्यांनी खिडकीतून बाहेर बघितलं आणि आत्याचा हात घट्ट धरला. "अंकुर येतोय. बघ ना, बातमी कळायच्या आधीच आला."

३

अंकुर जैन याच गल्लीत वाढला. तोही पितळी माल विकतो, पण जोरात. पैसे भरून आपला माल साइटवर सगळ्यात वर ठेवतो. भानुमतीबाईंची झाकणं त्याच्या समयांच्या खाली कुठेतरी तिसऱ्या-चौथ्या पानावर असतात, हे बाईंचं जुनं दुखणं आहे. तो मात्र त्यांना काकी म्हणतो आणि येताना गरम गराडू घेऊन येतो. गराडू म्हणजे मसाला-लिंबू मारलेले तळलेल्या कंदाचे तुकडे. ते हातात घेऊन आलेल्या माणसावर संशय घेणं अवघड जातं, पण मी घेतला.

"आत्याजी, काल तर आपण मालच टाकला नाही," तो म्हणाला. मराठी गल्लीत वाढल्यामुळे तो मराठी बोलतो, फक्त ती मध्येच सुटते. "फ्रीवाल्या रविवारी सगळं हिंदुस्तान एकदम दुकान मांडतं. कौन किसको देखेगा? ज्याची फी वाचते, त्याचाच माल दबतो. मी आज फी भरून टाकणार, आरामात विकणार."

"भानूचा अडकित्ता पाहिलास?"

"दिखा ही नहीं. मी सरौता लिहून शोधला. पीतल का सरौता, पुराना सरौता, सब देखा. काकीचा आलाच नाही. मला वाटलं, काकीचं मन बदललं."

"पासवर्ड तर तुझ्याकडे आहे," मी आवाज कडक करून म्हटलं.

त्याला ते लागलं. त्याने गराडूचा पुडा टेबलावर ठेवला. "भिया, मी दुकान उघडून दिलं होतं, लुटायला नाही. इथे लोग अपने घरवालों से बोली लगवाते हैं, भाव चढ़ाने को. मी तेही कधी केलं नाही. साइटवाले सोडत नाहीत. पार्सल निघायच्या आधी स्वतः सांगितलं की घरच्याची बोली होती, तर सौदा कॅन्सल, बात खतम. लपवलं तर दुकानच बंद."

स्वयंपाकघरातून दौलतरावांचं भजन ऐकू येत होतं, ते मध्येच थांबलं.

"घोडा घेतला कुणी, ते कळतं का?" मी विचारलं.

अंकुरने फोन काढून काकीचं दुकान उघडलं. "एकच बोली आली. नाव लिहिलंय खांड. पत्ता इथून जवळच्या हातोदच्या मंडीतला, कुठल्या तरी दुकानाचा. खांड म्हणजे शक्कर ना, तो कुणी शक्करवाला व्यापारी असेल. सस्ते में उठा लिया."

"म्हणजे माझा घोडा साखरेच्या पोत्यावर बसणार," भानुमतीबाई म्हणाल्या आणि त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

मी आत्याला ओसरीवर नेलं. माझा तर्क तयार होता. अंकुरला पासवर्ड माहीत होता. त्याने राखीव किंमत पुसली आणि हातोदच्या ओळखीच्या व्यापाऱ्याकडून बोली लावून घेतली. सकाळी सांत्वनाला आला तोही बघ ना, गराडू घेऊन.

आत्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"अभिराम, बँकेत कर्जं तू मंजूर करतोस?"

"हो."

"जरा जपून करत जा." तिने चपला घातल्या आणि परत आत निघाली. दारात थांबून म्हणाली, "कोणी काहीही पुसलेलं नाही. आणि तो घोडा हातोदला जाणार नाही."

४

तिने सगळ्यांना टेबलाभोवती बसवलं. गराडू मधोमध ठेवले. दौलतराव कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले. कवळीने कडक तुकडे चावत नाहीत म्हणून ते मऊ निवडत होते.

"भानू," आत्याने सुरुवात केली, "काल कोणती फी माफ होती?"

"मांडणीची."

"आणि राखीव किमतीची?"

"ती माफ नसते. सांगितलं ना."

"मग तुझी एकूण फी शून्य कशी आली?"

मी मनातल्या मनात स्वतःला दोन शिव्या दिल्या. बँकेत आहे म्हणे.

"कुणी नंतर किंमत पुसली असती," आत्या म्हणाली, "तर मांडताना तिची फी आधीच कापली गेली असती. एक पैसाही कापला गेला नाही. म्हणजे राखीव किंमत तिथे कधी नव्हतीच. रुची, त्या चौकटीत काय लिहिलंस?"

रुचीचा चेहरा उतरला. "काही नाही लिहिलं," ती म्हणाली.

"काही नाही?" भानुमतीबाई उठून उभ्या राहिल्या. "रुची, मी तुला सांगितलं होतं..."

"सांगितलं होतं, खाली ठेव," आत्याने त्यांचं वाक्य हातात घेतलं. "मी तो मेसेज दोनदा ऐकला. पहिल्यांदा तुझ्या कानाने. तू म्हणत होतीस, किंमत खाली ठेव, म्हणजे कमी ठेव, फी वाचेल. मग या वेड्याने बिस्किटांच्या डब्यासाठी टेबलाखाली डोकं घातलं, तेव्हा मी तेच वाक्य रुचीच्या कानाने ऐकलं. डबा खाली आहे. म्हणजे रिकामा आहे. रिझर्व्ह खाली ठेव. म्हणजे चौकट रिकामी ठेव."

अंकुरला हसू फुटलं. त्याने तोंडावर हात धरला, पण खांदे हलत होते.

"इंदूरमध्ये आपण सगळे दोन्ही 'खाली' वापरतो," आत्या म्हणाली. "सकाळी बादली खाली ठेवतो आणि दुपारी बादली खाली आहे म्हणून ओरडतो. आजपर्यंत कुणाचं काही अडलं नव्हतं."

भानुमतीबाई सुनेकडे वळल्या. "पण तू सकाळपासून बोलली का नाहीस? मी घरातल्यांवर संशय घेत बसले आणि तू गप्प?"

"मला वाटलं, तुम्हीच रिकामं ठेवायला सांगितलं आणि आता पस्तावताय," रुची म्हणाली. "तुम्ही सगळ्यांसमोर बोलल्या की कोणीतरी पुसली. मी तोंड उघडलं असतं तर पप्पाजींसमोर तुम्ही खोट्या पडल्या असत्या. म्हणून म्हटलं, जाऊ दे, माझ्यावर आलं तर आलं."

भानुमतीबाईंनी रुचीला जवळ ओढलं आणि तिच्या केसांवरून हात फिरवला. हे सासू-सुनेचं घर बाहेरून कायम वाद घालताना ऐकू येतं. आतून ते असं आहे, हे मला त्या दिवशी कळलं आणि मला फार बरं वाटलं.

"पण घोडा गेलाच ना," बाई डोळे पुसत म्हणाल्या.

तेवढ्यात दाराची घंटी वाजली. कुरियरवाला वेळेच्या आधीच आला होता.

५

"बसव त्याला," आत्या मला म्हणाली. "गराडू दे. आणि दौलतराव, पार्सल तुम्हीच घ्या. हातोदला जाऊन पुन्हा घरी आणायचा त्रास कशाला?"

दौलतरावांच्या हातातला तुकडा ताटलीत पडला.

भानुमतीबाईंनी नवऱ्याकडे बघितलं, मग आत्याकडे, मग पुन्हा नवऱ्याकडे. "म्हणजे?"

"काल हजारो लोकांनी माल मांडला होता," आत्या म्हणाली. "त्या गर्दीत तुझा घोडा अंकुरसारख्याला सापडला नाही, कारण तो हिंदीतला सरौता शोधत होता. रुचीने काय नाव लिहिलं होतं?"

"मम्मीजी बोलल्या तेच," रुची म्हणाली. "अडकित्ता."

"आता सांगा, इथल्या बाजारात अडकित्ता हा शब्द लिहून शोधणारा माणूस कोण? ज्याच्या घरात तो शब्द रोज दुपारी वापरला जातो तो. शिवाय, घेणाऱ्याचं नाव खांड. अंकुरला त्यात साखर दिसली. मला दिसली नाही. सकाळीच दौलतराव अभिरामला म्हणाले, आज खांड मिळणार नाही. सुपारीचं खांड. आणि पुढे काय म्हणाले?"

"उद्यापासून बघू," मी म्हटलं. मी ते ऐकलं होतं आणि त्या वेळी नुसती मान डोलावली होती.

"घोडा उद्या परत येणार, हे ज्याला माहीत आहे तोच असं बोलेल. ज्याच्या घरची चीज एका रुपयाला गेली तो सकाळभर भजनं गुणगुणत नाही. फक्त अंकुर जेव्हा म्हणाला की लपवलं तर दुकान बंद, तेव्हा तुमचं भजन थांबलं, दौलतराव. मी ऐकलं."

दौलतराव उठून उभे राहिले. मला वाटलं, रागावतील. पण ते शाळेत उभं केलेल्या मुलासारखे दिसत होते.

"दत्तोपंतांनी फोनवर शिकवलं," ते म्हणाले. दत्तोपंत हे त्यांचे हातोदचे मित्र, मंडीत त्यांचं बी-बियाण्याचं दुकान आहे. "पार्सल त्यांच्या दुकानावर मागवलं. मी तर बोलीची वरची हद्द म्हणून माझी सगळी पेन्शन लावून ठेवली होती, भानू. तुझ्या दुकानाला पूरा भाव मिळायला हवा होता. दुसऱ्या कोणी बोली लावलीच नाही, म्हणून एक रुपयात पडलं. मग इथे चोर-चोर सुरू झालं आणि माझी सांगायची हिंमत होईना. पार्सल इथून निघायच्या आधी बोलणारच होतो."

"पण तुम्हीच म्हणालात ना, वीक."

"तू विचारलंस तेव्हा तुझा चेहरा किती खुलला होता. घोडा विकला की दुकान चालणार, हेच तू बोलत होतीस. मी नाही कसं म्हणणार?" त्यांनी खुर्चीची पाठ धरली. "माझे दात गेले. गाडी चालवत नाही, बाजारात जात नाही. दिवसभरात तुझ्यासाठी हाताने एवढं एकच करतो मी. एक खांड कातरून देतो. ते पण गेलं असतं तर दुपारी मी काय केलं असतं?"

भानुमतीबाईंनी पुढे होऊन त्यांचा हात खुर्चीवरून सोडवून आपल्या हातात घेतला.

"अहो," त्या म्हणाल्या, "मला सुपारी आवडत नाही."

"काय?"

"कधीच आवडली नाही. घशाला लागते. तुम्ही कातरून देता म्हणून खाते. मला वाटलं, तुम्हाला मनाई झाल्यावर रोज तो घोडा बघून त्रास होत असेल. म्हणून तोच विकायला काढला, नाही तर समई विकली असती."

दौलतरावांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याच वेळी ते हसायलाही लागले. दोन्ही एकदम केल्यामुळे कवळी सटकली आणि ती सावरण्यात त्यांची पंचाईत झाली. मग सगळेच हसले. भानुमतीबाई सगळ्यात जास्त.

अंकुरने तिथेच बसून दुकानाच्या खात्यातून साइटला कळवलं. बोली विक्रेत्याच्या घरातलीच होती, पार्सल निघालेलं नाही, सौदा रद्द करावा. रुचीने खाली सही टाकली. खाली म्हणजे तळाला. मी मुद्दाम विचारून घेतलं. आमचा तिसरा चहा होईपर्यंत उत्तर आलं. सौदा रद्द, दुकानावर ठपका नाही.

"पण दुकान चालणार कसं, काकी?" अंकुर म्हणाला. "फी तर तशीच आहे."

"झाकणं एक-एक का मांडायची?" रुची म्हणाली. "बारा झाकणांचा एक ढीग मांडू. एकच फी. आणि फ्रीवाल्या रविवारी अजिबात नाही. नाव पण दोन्ही लिहायचं. झाकण आणि ढक्कन."

"और मेरी समई के बाजू में लगा दूँगा," अंकुर म्हणाला. "वर ठेवायचे पैसे तर मी भरतोच. माझ्या पानावर एक झाकण बसलं तर काय बिघडतं?"

भानुमतीबाईंनी काही न बोलता त्याच्या ताटलीत आणखी गराडू वाढले. त्यांच्याकडून याहून मोठी माफी कुणाला मिळत नाही.

कुरियरवाला उंबऱ्यावर बसून हे सगळं ऐकत होता. त्याने हात पुसले. "तो मैं खाली हाथ जाऊँ?" त्याने विचारलं. रुचीने त्याच्या हातात गराडूचा पुडा दिला, त्यामुळे तोही खाली हाताने गेला नाही.

मग दौलतरावांनी खोकं उघडून घोडा बाहेर काढला, बोटाने त्याच्या खोगिरावरची धूळ पुसली आणि सुपारी त्याच्या तोंडात दिली. कडकन आवाज झाला. पहिलं खांड त्यांनी बायकोपुढे धरलं. भानुमतीबाईंनी ते घेतलं, तोंड वाकडं केलं आणि सगळ्यांसमोर खाल्लं.

निघायची वेळ झाली. मी माझी ताटली टेबलावर ठेवू लागलो. तिच्यात गराडूचा एक तुकडा उरला होता. आत्याला तो दिसणं शक्य नव्हतं. ताटलीत तो सरकलेला तिने ऐकला असावा.

"अभिराम," ती म्हणाली, "आधी खाली कर, मग खाली ठेव."

मी साताऱ्याचा माणूस. पण ते मला पहिल्याच फटक्यात समजलं.